बटण घडवणारे ग्राहक

डिसेंबर १९९७ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने वेबपृष्ठे रचण्याचे 'ड्रीमवीव्हर' हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याच्या कीर्तीत एक गोष्ट झाकोळून गेली आहे. त्याची बरीच बटणे आणि आज्ञा एचटीएमएल व जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या होत्या, आणि या भाषा तर त्याच्या ग्राहकांच्या रोजच्या वापरातल्या! त्यामुळे कारागिराला आपले हत्यार स्वतःच घडवता येऊ लागले.

रीत सोपी होती. 'ऑब्जेक्ट्स' फोल्डरमध्ये एक एचटीएमएल फाइल आणि त्याच नावाचे १८ बाय १८ पिक्सेलचे चित्र ठेवले, की नवे बटण तयार होई. फाइलीतले 'ऑब्जेक्टटॅग' हे फंक्शन जो मजकूर परत देई, तो पानात उमटे. २००२ च्या 'एमएक्स' आवृत्तीपासून टूलबारही खुले झाले. बटण, ड्रॉपडाउन यादी किंवा रंग निवडण्याची चौकट हवी असल्यास तिची नोंद एक्सएमएल फाइलीत करायची. ते बटण केव्हा निष्क्रिय दिसावे, हे मात्र जावास्क्रिप्टने ठरवायचे. माझ्या मते खरी करामत या दुसऱ्या भागात होती.

अशी विस्तारके 'मॅक्रोमीडिया एक्स्चेंज'वर वाटली जात, काही विकलीही जात. डिसेंबर २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया ताब्यात घेतली. पुढे 'सीसी २०१५' पिढीच्या सॉफ्टवेअरसाठी अ‍ॅडोबीने 'एक्स्टेन्शन मॅनेजर'चा आधार काढून घेतला. ज्यांनी वर्षानुवर्षे विस्तारके जमवली होती, त्यांना ती बसवण्यासाठी आता दुसरे मार्ग शोधावे लागले.