पिट क्रूचा प्रशिक्षक : दहा सेकंदांसाठी दहा महिने

स्टॉक कार शर्यतीत मध्येच थांबलेल्या गाडीची चाके बदलून तिच्यात इंधन भरणाऱ्या पथकाला पिट क्रू म्हणतात. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅस्कार या अमेरिकी संस्थेच्या कप मालिकेत हे काम आज साधारण नऊ ते अकरा सेकंदांत उरकते. या पथकाला वर्षभर घडवण्यासाठी संघाने स्वतंत्र प्रशिक्षक नेमलेला असतो. नारायण कार्तिकेयन याने २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत गाडी चालवली, तेव्हा या शर्यतींची आपल्याकडे थोडीफार चर्चा झाली. पण भिंतीमागे उभ्या असलेल्या या माणसाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

ग्रेटर नोएडातील २०११ ते २०१३ च्या फॉर्म्युला वन शर्यती पाहिलेल्यांना दहा सेकंद फार वाटतील, कारण तिथे गाडी दोन-तीन सेकंदांत सुटते. मात्र ही तुलना फसवी आहे. फॉर्म्युला वनमध्ये वीसच्या आसपास माणसे एकाच वेळी गाडीला भिडतात, पुढून व मागून ती एकदम उचलतात, आणि २०१० पासून शर्यतीच्या दरम्यान इंधन भरण्यास तिथे बंदी आहे. नॅस्कारमध्ये २०१८ पासून पिटची बुटकी भिंत फक्त पाच जण ओलांडू शकतात. दोघे चाके खोलतात व बसवतात, एक चाके वाहून आणतो, एक जॅक लावतो आणि एक इंधन भरतो. गाडीचे वजन दीड टनाच्या घरात, जॅक एकच, आणि तो एका वेळी एकच बाजू उचलतो. इंधनाची भरलेली टाकी सुमारे ४० किलोंची असते; ती खांद्यावर तोलून धरावी लागते. एकेक चाक वीस किलोंहून जड असल्याने ती सारी वाहणे एकट्याला शक्य नसते. जॅकवाल्यालाही त्यात हात द्यावा लागतो.

वर्तुळाकार मार्गावर गाड्या डावीकडे वळत धावतात, त्यामुळे भिंत चालकाच्या डाव्या हाताला येते. पथक मात्र प्रथम गाडीला वळसा घालून पलीकडची, म्हणजे उजवी बाजू गाठते. ती चाके बसली की जॅक खाली, पुन्हा धावत डाव्या बाजूला, पुन्हा जॅक वर. दुसऱ्यांदा जॅक खाली आला की चालक निघतो. तोच इशारा. डावे चाक घट्ट झालेले नसताना जॅकवाल्याने घाई केली तर पुढचे सारे बिघडते. म्हणून अनेक प्रशिक्षक त्यालाच पथकाचा कर्णधार मानतात.

पूर्वी असा प्रशिक्षक कोणाकडेच नव्हता. आठवडाभर कार्यशाळेत गाडी बांधणारे मेकॅनिकच रविवारी भिंत ओलांडत. वेगाचे महत्त्व कोणाला कळत नव्हते असे नाही. व्हर्जिनियातील वुड बंधूंनी पिटमधल्या हालचाली इतक्या घोटल्या होत्या की १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटस गाडीसाठी त्यांना खास पाचारण करण्यात आले, आणि क्लार्क जिंकला. तरीही ते त्या घराण्याचे कसब राहिले, पद्धत झाली नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी हेंड्रिक मोटरस्पोर्ट्समध्ये रे एव्हरनहॅम या क्रू प्रमुखाने स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या अँडी पापाथनासिऊ याला हाताशी धरले. व्यायाम, ठरावीक सराव आणि चित्रफितींचा अभ्यास ही फुटबॉलची शिस्त त्याने पिटमध्ये आणली. ‘रेनबो वॉरियर्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पथकाच्या साथीने जेफ गॉर्डनने १९९५, १९९७ व १९९८ ची विजेतेपदे पटकावली. इतर संघ मग मागे राहणे शक्यच नव्हते. आज पथकात येणारे बहुतेक जण महाविद्यालयीन फुटबॉल, कुस्ती किंवा बेसबॉल खेळून आलेले असतात. पुष्कळांनी पूर्वी कधी गाडीचे चाकही खोललेले नसते.

कप मालिकेचा हंगाम फेब्रुवारीत डेटोनाला सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये संपतो. गुण देणाऱ्या शर्यती ३६, म्हणजे विश्रांतीचे आठवडे जवळजवळ नाहीतच. बहुतेक संघांची ठाणी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराभोवती आहेत. पथक सहसा शर्यतीच्या दिवशी विमानाने जाते आणि त्याच रात्री परतते. सोमवारी चित्रफीत पाहायची. वरून टिपलेल्या या चित्रणात प्रत्येकाचे प्रत्येक पाऊल दिसते, आणि प्रशिक्षक त्याचे दशांश सेकंदांत तुकडे पाडतो. एक पाऊल जास्त पडले का, गन नटावर सरळ टेकली का, चाक हातातून सुटताना कोणाच्या पायात आले का. आठवड्याच्या मधल्या दिवसांत कार्यशाळेच्या आवारात सरावाच्या गाडीवर हेच पुन्हा घोटायचे, आधी चालत्या गतीने आणि मग पूर्ण वेगाने.

यातला अवघड भाग सराव करवून घेण्याचा नसून थांबवण्याचा आहे. फेब्रुवारीत सगळेच ताजे असतात. मेच्या अखेरीस शार्लटला ६०० मैलांची, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटरची, हंगामातील सर्वांत लांब शर्यत होते. त्यानंतर उन्हाळा, अंगावर अग्निरोधक पोशाख, आणि गुडघे, पाठ, खांदे बोलू लागतात. जुलैत दोन दशांश सेकंद कमावण्यासाठी घाम गाळून घेणारा प्रशिक्षक सप्टेंबरात जखमी पथक घेऊन बसतो. २००४ पासून विजेतेपदाचा निकाल अखेरच्या दहा शर्यतींवर ठरत आला असल्याने ही चूक महागात पडते. म्हणून सर्वांत जलद वेळेपेक्षा अनुभवी प्रशिक्षक सर्वांत वाईट वेळेकडे अधिक पाहतात. नऊ सेकंदांचा एक थांबा टाळ्या मिळवतो, पण सोळा सेकंदांचा एक थांबा आधीच्या पाच उत्तम थांब्यांवर पाणी फिरवतो. ताशी २९० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ८० मीटर कापते, एवढे ध्यानात घेतले तर हिशेब उमगतो.

२०२२ मध्ये नवी गाडी आली आणि प्रशिक्षकांना जुनी वही बाजूला ठेवावी लागली. तोवर प्रत्येक चाकाला पाच नट होते. एका थांब्यात वीस सोडवायचे व वीस आवळायचे, आणि त्या पाच नटांवरून गन फिरवण्याची लय कमावण्यात उमेदीची वर्षे जात. नव्या चाकाला मधोमध एकच नट असतो. काम सोपे झाले, पण ज्यांचे कसबच त्या लयीत होते त्यांची आघाडी एका हिवाळ्यात पुसली गेली. कित्येकदा आता चाके आधी बदलून होतात आणि गाडी इंधनासाठी थांबून राहते. एकुलता नट नीट बसला नाही तर अख्खे चाक निखळते हेही खरे. त्या वर्षी अशा प्रसंगी क्रू प्रमुखासह दोन कर्मचाऱ्यांना चार शर्यतींचे निलंबन होई. पुढे ही शिक्षा सौम्य करण्यात आली.

निखळलेल्या चाकाइतकाच गंभीर प्रश्न माणसांच्या जिवाचा. नोव्हेंबर १९९० मध्ये अटलांटाच्या शर्यतीत पिटमध्ये घसरलेल्या गाडीच्या धडकेने टायर बदलणारा एक कर्मचारी मरण पावला. त्याआधी पिटमध्ये वेगाला मर्यादाच नव्हती, हे आज खरे वाटत नाही. १९९१ पासून ती लागू झाली. तरीही जॅकवाला येणाऱ्या गाडीच्या समोरूनच धावतो. त्याने कुठे पाहायचे, गाडी थोडी पुढे थांबली तर कोणत्या बाजूने जायचे, हे सरावात इतक्या वेळा गिरवले जाते की शर्यतीत विचार करावा लागू नये. चालक आपल्या खुणेवर नेमका थांबेल याची हमी प्रशिक्षकाला देता येत नाही.

पथक बदलायचे केव्हा, हा मात्र प्रशिक्षक व क्रू प्रमुख यांच्यापुढचा सर्वांत कडू प्रश्न. ७ नोव्हेंबर २०१० च्या टेक्सासमधील शर्यतीत सलग चार वेळचा विजेता जिमी जॉन्सन पिटमध्ये वारंवार मागे पडत होता. त्याच हेंड्रिक संघातील गॉर्डनची गाडी अपघाताने बाद झाल्यावर जॉन्सनचा क्रू प्रमुख चॅड कनाउस याने शर्यत चालू असतानाच आपले पथक बाजूला केले आणि गॉर्डनचे पथक उभे केले. ती शर्यत डेनी हॅमलिनने जिंकली व गुणांतही तो पुढे गेला. उरलेल्या दोन शर्यतींतही अदलाबदल कायम राहिली, आणि जॉन्सनने ३९ गुणांनी सलग पाचवे विजेतेपद मिळवले. निकालाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले, असे सांगण्याची पद्धत आहे. पण शेवटच्या शर्यतीत हॅमलिनच्या गाडीने सुरुवातीलाच गिरकी घेतली होती, तिचे नुकसान झाले होते, आणि त्यात कोणत्याच पथकाचा हात नव्हता. बाजूला केलेल्या माणसांनी गॉर्डनच्या गाडीवर हंगाम पूर्ण केला.

नोव्हेंबर सरला की कोणाला ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा याची चर्चा सुरू होते, आणि मोठे संघ नव्या उमेदवारांची चाचणी घेतात. यांतले काही राखीव पथकात राहतात, काही लहान संघांकडे उसने पाठवले जातात. खेळाडू शोधण्याचे जाळेही आता विस्तारले आहे. नॉरफोक स्टेट विद्यापीठाची बास्केटबॉलपटू ब्रिहाना डॅनियल्स नॅस्कारच्या विविधता कार्यक्रमातून प्रशिक्षण घेऊन पुढे आली आणि २०१८ मध्ये डेटोनाच्या कप शर्यतीत टायर बदलण्यासाठी तिने भिंत ओलांडली. ही कामगिरी करणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला. जानेवारीत सरावाची गाडी पुन्हा आवारात येते, आणि नव्या मुलांना पहिले काही दिवस गनला हातही लावू न देता नुसते भिंतीवरून उतरायला शिकवले जाते.