जीपगाडीचा जीर्णोद्धार

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक खोड आहे. यंत्र कोणीं शोधून काढलें, त्याचा पहिला कारखाना कोठें निघाला आणि त्याच्या जोरावर कोणतें युद्ध जिंकलें गेलें, एवढें सांगून झालें म्हणजे त्यांची लेखणी थांबते. पुढें तेंच यंत्र तीस-चाळीस वर्षें कोणाच्या तरी अंगणांत उभें असतें, पावसाळ्यांत गंजतें, दिवाळीच्या सुटींत त्याचें पोट उघडून सुटे भाग रॉकेलच्या थाळींत धुतले जातात, आणि तें पुन्हां चालूं लागतें. हा त्याच्या आयुष्याचा खरोखर मोठा भाग. पण इतिहासांत त्याला जागा नाहीं. थोर पुरुषाचें चरित्र जन्म आणि पराक्रम यांवरच आटोपावें, त्याच्या प्रकृतीचा उल्लेखहि नसावा, तसेंच हें झालें. जीपगाडीची हकीकत या दुसऱ्या बाजूनें पाहण्यासारखी आहे. ती टिकली याचें श्रेय सामान्यतः तिच्या बळकटपणास देण्यांत येतें. मला तें पटत नाहीं. ती घरच्या माणसाला उघडतां येते, म्हणून टिकली.

१९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन लष्करानें एका हलक्या गाडीसाठीं १३५ कारखानदारांना पाचारण केलें. चारहि चाकांना इंजिनाची शक्ति पोंचली पाहिजे आणि नमुना ४९ दिवसांत हजर झाला पाहिजे, अशी अट होती. ही मुदत पाळली ती पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या अमेरिकन बँटम या लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीनें. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून तयार झालेली पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरिलंडमधील होलाबर्ड येथें लष्कराच्या स्वाधीन झाली. परंतु बँटमचा आवाकाच लहान. मोठें काम पुढें टोलिडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे आणि तिच्या जोडीला फोर्ड कंपनीकडे गेलें. विलीजची बाजू वर चढली ती डेल्मार रूझ यानें सुधारलेल्या ६० अश्वशक्तीच्या, २.२ लिटरच्या इंजिनामुळें. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. मला महत्त्वाच्या वाटतात त्या तिच्या रचनेंतील कांहीं बारीक गोष्टी. या लष्करी जीपचे पुढचे दोन्ही दिवे बिजागरीवर बसविलेले आहेत. बोटांनीं फिरणारा एक नट सैल केला कीं दिवा मागें उलटतो आणि त्याचा प्रकाश थेट इंजिनावर पडतो. म्हणजे ही गाडी केव्हां तरी अपरात्रीं वाटेंत बंद पडणार, जवळ कारखाना नसणार आणि बोनेट उघडणारा मनुष्य तिचा चालकच असणार, हें आराखडा काढणाऱ्यांनीं आधींच धरून ठेवलें होतें. यंत्रकाराच्या अंगीं इतका विनय क्वचितच आढळतो; आपली कृति कधीं बिघडेल हें मनांत आणणेंहि त्याला सहसा सोसत नाहीं. मागच्या चाकांवरील पत्र्याच्या पेट्यांत पाने, पक्कड, हातोडा व ग्रीस भरण्याचा पंप ठेवण्याची सोय होती. हीं हत्यारें गाडीबरोबरच मिळत. म्हणजे दुरुस्ति हा गाडी चालविण्याचाच एक भाग मानलेला होता.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. विलीजच्या आणि फोर्डच्या गाडींतील भाग एकमेकींना बसले पाहिजेत, अशी लष्कराची सक्ती होती. फोर्ड कंपनीनें ती निमूटपणें पाळली. पण आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर देखील ‘एफ’ हें अक्षर उमटविल्यावांचून तिला राहवलें नाहीं! जुनी जीप उघडणाऱ्यास दोन्ही घराण्यांचे बोल्ट एकाच गाडींत सुखानें नांदतांना आजहि आढळतात.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. शेतांतून आणि दुकानांतून उचलून आणलेल्या पोरांना यंत्राची निगा शिकवावयाची, तर नुसत्या नियमावलीनें भागत नाहीं. म्हणून ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी मासिकानें चित्रांचा आश्रय केला. विल आइस्नर या चित्रकारानें त्यांत जो डोप नांवाचा एक मठ्ठ शिपाई उभा केला. तेल पाहावयास विसरणारा, ग्रीस भरण्याचा कंटाळा करणारा हा जो जें जें करील तें तें आपण करूं नये, एवढें वाचणाऱ्यास हंसतां हंसतां कळे. १९५१ सालीं हीच परंपरा ‘पी. एस.’ या नव्या मासिकानें पुढें चालविली. आमच्याकडे विज्ञानाचीं क्रमिक पुस्तकें लिहिणाऱ्यांनीं हीं चित्रें एकदां अवश्य पाहावीं.

युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळशा गाड्या जेथें होत्या तेथेंच विकल्या गेल्या आणि त्यांचा संसार सुरू झाला. फिलिपाइन्समध्यें लोकांनीं त्यांची मागची बाजू लांबवून बांकें बसविलीं. त्यांतून ‘जीपनी’ हें तिकडचें सार्वजनिक वाहन जन्मास आलें. इंग्लंडमध्यें रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स हा अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर अशीच एक युद्धांतली जुनी जीप वापरी. ती झिजत चालल्यावर तिच्या जागीं काय आणावें, या प्रश्नांतून लँड रोव्हर निघाली; ती १९४८ च्या एप्रिल महिन्यांत ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. एका जुन्या गाडीच्या दुरुस्तीची चिंता एका नव्या घराण्यास कारण झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या देशांत मात्र जुन्या जीपचें नांव प्रथम गाजलें तें एका भानगडीनें. १९४८ सालीं काश्मीरच्या युद्धासाठीं जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं नेहमींची पद्धत बाजूस ठेवून, दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर जुन्या गाड्यांचा करार केला आणि बरेंचसें पैसे आगाऊ दिले. आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याहि कामास येण्याजोग्या नव्हत्या. संसदेंत वादळ उठलें; १९५५ सालीं सरकारनें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. राजकारणाचा भाग सोडून दिला, तरी या प्रकरणांत जीर्णोद्धाराचा एक धडा आहे. ‘दुरुस्त केलेली गाडी’ हे शब्द विकणाऱ्याच्या कागदावर सारखेच दिसतात, मग आंत नवे बेअरिंग असो वा नुसता हिरवा रंग. जो स्वतः खालीं निजून पाहतो त्यालाच तो फरक कळतो.

त्याच सुमारास मुंबईस वेगळा उपक्रम चालू होता. १९४५ सालीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधु आणि गुलाम महंमद यांनीं महिंद्र अँड महंमद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांत महिंद्र हेंच दोनदां आलें. माझगांवच्या कारखान्यांत विलीजचे सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचें काम सुरू झालें. विलीजनें १९५३ सालीं काढलेली सीजे-३बी ही जात येथें विशेष रुजली. तिच्या इंजिनांत आंत घेण्याची झडप वर आणि बाहेर सोडण्याची झडप बाजूस असल्यामुळें इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट वर उचलावें लागलें. तिचें तें उंच, कांहींसें अजागळ नाक त्यामुळें आलें. तालुक्याचा मामलेदार, पाटबंधाऱ्याचा ओव्हरसियर, निवडणुकीचा उमेदवार या सर्वांची ती गाडी. आणि सरकारी लिलावांतून निघालेल्या गाड्या हळूहळू मध्यमवर्गीय घरांच्या पडवींत येऊन उभ्या राहिल्या.

अशी गाडी राखणाऱ्याचें काम पोटाखालून सुरू होतें. पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, स्टिअरिंगचे जोड या सर्वांना ग्रीसचीं निपलें आहेत. एकहि चुकवून चालत नाहीं, आणि चुकतें तें नेहमीं अडचणींतलेंच. पुढच्या चाकांच्या किंगपिनांत ढिलाई आली कीं स्टिअरिंग हातांत नाचूं लागतें. तेथें पत्र्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढून किंवा घालून ती बसवावी लागते. पॉइंटांमधील अंतर ०.०२० इंच, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग. त्यासाठीं फीलर गेजच पाहिजे, अंदाजाचें काम नव्हे. लष्करी जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. हें ठाऊक नसलेला मनुष्य सैल करण्याच्या समजुतीनें ते आवळीत जातो आणि शेवटीं बोल्टच तोडून मोकळा होतो.

हातब्रेकची गोष्ट याहून गंभीर. तो चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर आहे. तेथलें तेलाचें सील गळूं लागलें कीं तेल ब्रेकवर उतरतें आणि चढावर गाडी मागें सरते. शिवाय मागचें एक चाक जॅकवर उचललें कीं हा ब्रेक निरुपयोगी होतो, कारण डिफरन्शियलमुळें उचललेलें चाक मोकळें फिरतें आणि जमिनीवरचेंहि गाडी धरून ठेवीत नाहीं. म्हणून चाकांमागें दगड किंवा लांकडी ठोकळे लावल्यावांचून घरांतल्या कोणासहि गाडीखालीं जाऊं देऊं नये. चारी चाकांच्या जोराविषयींहि गैरसमज फार. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचीं चाकें जोडून ठेवणें म्हणजे फुशारकी. पुढच्या-मागच्या शाफ्टांना फरक पडूं देणारी योजना मध्यें नसल्यामुळें वळणावर त्यांची ओढाताण होते आणि दांतेरी चाकें झिजतात. चिखल संपला कीं पुढच्या चाकांचा जोर सोडवावा.

हें सारें पाना हातीं धरतां येणाऱ्या कोणालाहि पांच-सहा रविवारांत शिकतां येतें. आजच्या नव्या गाडीचें बोनेट उघडलें तर काळ्या प्लॅस्टिकचें झांकण दिसतें आणि दोष शोधावयास संगणक जोडावा लागतो. त्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, धूरहि पुष्कळ कमी सोडतात. हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण मालकाचा तिच्याशीं संबंध हप्त्यांपुरता उरला, हेंहि तितकेंच खरें.

आतां प्रश्न आहे तो म्हातारपणाची व्याख्या कोणी करावयाची हा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची ठरविली. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. तपासणीस माझी हरकत नाहीं. गळका ब्रेक घेऊन कोणीं रस्त्यावर येऊं नये. अडचण दुसरीकडे आहे. २०२१ सालीं सरकारनें ५० वर्षांवरील गाड्यांना ऐतिहासिक वाहनांचा मान देणारे नियम केले. पण गाडी मूळ रूपांत असावी आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्यें पेट्रोल महागल्यावर डिझेलचें इंजिन बसविलें गेलें. सांगाड्याचा पत्रा कोंकणच्या पावसानें खाल्ला म्हणून गांवच्या वेल्डरनें नवा ठोकला. प्रदर्शनासाठीं झांकून ठेवलेली गाडी ऐतिहासिक ठरते, आणि रोज वापरून, डागडुजी करून पन्नास वर्षें चालती ठेवलेली मात्र ठरत नाहीं. माझ्या मतें इतिहास या दुसरीच्या अंगावर अधिक आहे.

असली गाडी पुन्हां नोंदणीस नेली म्हणजे निरीक्षक दिवे, ब्रेक, धूर पाहतो. मग मालक तारेच्या ब्रशानें चॅसिसवरचा गंज आणि ग्रीस खरवडून काढतो. निरीक्षक वांकून तेथला नंबर वाचतो, हातांतल्या कागदाशीं ताडून पाहतो आणि खूण करतो. पाटे किती वेळां बदलले, पत्रा कोणीं ठोकला, याला त्या कागदावर रकाना नसतो.