फुलांचे नव्हे, पाखरांचे

‘फूला’ असे बेटाचे नाव वाचले की मराठी कानाला फूलच ऐकू येते. प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांपैकी हे एक. मुख्य बेटाच्या पश्चिमेला, भर अटलांटिकात. लांबी पाचेक किलोमीटर, वस्ती तीसेक माणसांची, आणि वारा असा की झाड म्हणून धरत नाही.

नावाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे: ‘फुगल’ म्हणजे पक्षी, ‘एय’ म्हणजे बेट. या ‘एय’च्या मुळाशी पाणी आहे, जसे आपल्या ‘द्वीप’मध्ये ‘अप्’ म्हणजे पाणी आहे. ‘फुगल’चा इंग्रजी भाऊ ‘फाउल’. तो पूर्वी कुठल्याही पाखराला चाले, आता खुराड्यातल्या कोंबडीपुरता उरला. आपल्या ‘मृगा’चेही तेच झाले. एकेकाळी कोणतेही रानातले जनावर मृग होते, पुढे फक्त हरीण. सिंहाला मृगेंद्र म्हणताना तेवढा जुना अर्थ डोकावतो. फूलात मात्र तो अजून उडतो आहे. 376 मीटर उंचीच्या केम कड्यावर समुद्रपक्ष्यांचा नुसता कल्ला असतो. माळावर पाऊल टाकले की तपकिरी, थोराड ‘बाँक्सी’ थेट डोक्यावर झेपावतो. ‘बाँक्सी’ हे नावही नॉर्सच्याच घरचे, त्याच्या गुबगुबीत अंगावरून पडलेले.

1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी शेटलंड स्कॉटलंडकडे गहाण टाकले. ते सोडवणे झालेच नाही. हळूहळू तिथली ‘नॉर्न’ बोली स्कॉट्सपुढे मागे हटली. पण ज्या शब्दांवाचून होडी लागत नाही, ते राहिले. बंदराला आजही ‘हॅम’ म्हणतात. तो नॉर्समधला ‘हॉफ्न’. दक्षिणेचे भूशिर ‘साउथ नेस’. हे ‘नेस’ नाकाच्या कुळातले, म्हणजे आपल्या ‘नासिके’चे लांबचे नातेवाईक.

1774 मध्ये जॉर्ज लो हा पाद्री फूलावर आला. विल्यम हेन्री नावाच्या शेतकऱ्याला ‘हिल्दिना’ हे जुने कथागीत पाठ होते. लोला नॉर्न येत नव्हती. तरी एकही ओळ न समजता, जसे कानावर पडले तसे, त्याने पस्तीस कडवी लिहून घेतली. पुढच्या अभ्यासकांना ती अक्षरे जुळवून अर्थ लावावा लागला. कुठे शब्द तुटतो हेच लोला कळत नव्हते, पण त्याने लेखणी थांबवली नाही. नॉर्नमधले तेवढे एकच सलग दीर्घगीत आज आपल्या हाती आहे.