मोर्तब आणि किल्ली : एका सॉफ्टवेअर-भांडाराच्या रक्षणाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर आम्हां चार-पाच मुलांना मोडी शिकविली. कागद हाती आला की तो वाचण्याआधी उलटा करून पाहावयाचा, हा त्यांचा पहिला धडा. सनदेचा लांब कागद अनेक बंद एकमेकांस चिकटवून केलेला असे आणि पाठीमागे सांध्यावर मुद्रा उठविलेली असे. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून कोणी दुसरा घातला, तर ठसे जुळणार नाहीत. आणि अखेरीस मोर्तब, म्हणजे मजकूर येथे संपला, यापुढे कोणी लिहिल्यास ते खोटे. अक्षराचे वळण कोणीही गिरवील, सांधा गिरविता येत नाही, असे गुरुजी म्हणत.

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या सुरक्षिततेवर बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. मोडी कागदांच्या लिप्यंतरासाठी माझ्या नातवाने घरच्या संगणकावर डेबियन ही मुक्त प्रणाली बसवून दिली आहे. एके सकाळी त्या संगणकाने नवी दुरुस्ती घेण्यास साफ नकार दिला. सूचना एवढीच : स्वाक्षरीची पडताळणी होऊ शकली नाही. नातू दूरच्या गावी. मी ती सूचना चार वेळा वाचली आणि मला गुरुजींचा सांधा आठवला. त्या नकारामागचा इतिहास शोधता शोधता हे व्याख्यान तयार झाले.

डेबियनची घोषणा ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने केली. (डेब्रा आणि इयन या दोन नावांचा हा समास, डेब्रा ही त्यांची तेव्हाची मैत्रीण, पुढे पत्नी.) जगभरातील स्वयंसेवकांनी आज्ञावल्या तयार करावयाच्या, त्यांची पॅकेजे बांधून एका मध्यवर्ती भांडारात ठेवावयाची, आणि ज्याला हवी त्याने ती न्यावयाची, अशी ही व्यवस्था. एकाच ठिकाणाहून साऱ्या जगास पुरवठा होणे कठीण, म्हणून विद्यापीठांनी आणि संस्थांनी भांडाराच्या हुबेहूब प्रती आपापल्या यंत्रांवर ठेवल्या. त्या व्यवहारात यांना मिरर, म्हणजे आरसे म्हणतात. आरशातले प्रतिबिंब मुळाबरहुकूम आहे, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे? संपूर्ण इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

उत्तराचे गणित तयार होते. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जोडकिल्लीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. खासगी किल्ली मालकापाशी गुप्त राहते, तिने सही होते. सार्वजनिक किल्ली साऱ्या जगास वाटावयाची, तिने सही तपासता येते, करता मात्र येत नाही. आपल्या मुद्रेत हे नव्हते. ज्याने मुद्रेचा ठसा नीट पाहिला, त्याला कसबी कारागिराकडून दुसरी मुद्रा कोरून घेता येई.

१९९१ साली फिल झिमरमन यांनी ही विद्या पीजीपी या आज्ञावलीने सामान्य माणसाच्या हाती दिली. पण अमेरिकेचा कायदा गुप्तलेखनाच्या साधनांना युद्धसामग्रीत गणत होता आणि निर्यातीच्या आरोपावरून त्यांची चौकशी १९९६ पर्यंत चालली. याचा डेबियनवर विलक्षण परिणाम झाला. भांडार अमेरिकेत, म्हणून गुप्तलेखनाची सारी पॅकेजे अमेरिकेबाहेर एका वेगळ्या कोठारात ठेवावी लागत. कुलूप एका देशात आणि किल्ली दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती. जर्मनीत व्हेर्नर कॉख यांनी लिहिलेल्या जीएनयू प्रायव्हसी गार्डची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ मध्ये आली, २००० साली अमेरिकेचे नियम सैल झाले, आणि २००२ मध्ये ही साधने मुख्य भांडारात आणण्याचे काम सुरू झाले.

तोपर्यंत तपासणी नव्हतीच, असे नाही. स्वयंसेवक आपले पॅकेज स्वतःच्या किल्लीने सही करून पाठवी आणि भांडाराच्या दारावरची आज्ञावली ती सही पाहूनच माल आत घेई. किल्ली त्याच माणसाची, हे ठरविण्याची रीत तर आपल्या जुन्या पंचांना शोभावी अशी : दोघांनी समक्ष भेटावयाचे, पारपत्र दाखवावयाचे, आणि मग एकाने दुसऱ्याच्या किल्लीवर सही करावयाची. पण दारातून आत येणाऱ्या मालाची एवढी चौकशी आणि बाहेर जाणाऱ्याची? भांडारातून आरशाकडे आणि आरशाकडून आपल्या घरी येईपर्यंत वाटेत काय घडले, हे वापरणाऱ्याचा संगणक पाहत नव्हता. यादीवर भांडाराची सही होऊ लागली होती, परंतु ती आपोआप तपासणारे साधन सर्वांच्या हाती नव्हते.

१९ नोव्हेंबर २००३ रोजी एका स्वयंसेवकाचा चोरलेला परवलीचा शब्द वापरून कोणी डेबियनच्या यंत्रात शिरले. लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषाचा फायदा घेऊन त्याने सर्वाधिकार मिळविले आणि एकामागून एक चार यंत्रे ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी हे उघडकीस आले. मुख्य भांडाराचे यंत्र वाचले होते. सुरक्षा-दुरुस्त्यांचे कोठार मात्र विश्वसनीय प्रतींशी ताडून पाहीपर्यंत बंद ठेवावे लागले. डेबियनच्या चालकांनी घटना न लपविता जाहीर केली, याचे मला कौतुक वाटते. दफ्तरखान्याला वाळवी लागली, हे कबूल करणारे दफ्तरदार मी फार थोडे पाहिले आहेत.

एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या ४.० या आवृत्तीत सही तपासण्याची व्यवस्था प्रत्येक वापरणाऱ्यापर्यंत पोहोचली. तिची रचना सांध्यांचीच आहे. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा काढतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. सर्व पॅकेजांचे ठसे एका यादीत, त्या यादीचा ठसा वरच्या लहान यादीत, आणि त्या शेवटच्या यादीवर भांडाराची सही. हजारो पॅकेजे, सही एकच. मधला कोणताही बंद बदला, सांधा जुळत नाही, आणि संगणक माल नाकारतो.

एवढ्याने भागले असे वाटले, तोच २००८ साल उजाडले. ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी बनावट नावाने यंत्र भाड्याने घेऊन अनेक प्रणालींच्या अधिकृत आरशांत आपली नोंद करून घेतली. हजारो संगणक त्यांच्याकडे माल मागण्यास आले, त्यांत सैनिकी आणि सरकारीही होते. त्यांचा मुद्दा असा, की आरशाने खोटा माल देण्याची गरजच नाही. खरी सही असलेली जुनी, दोषयुक्त यादी दिली तरी पुरे. जुने फर्मान खरेच असते, पण मागाहून रद्द झालेले! म्हणून सहीबरोबर मुदत आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेड हॅट कंपनीच्या यंत्रांत शिरलेल्या घुसखोराने खुद्द कंपनीच्या किल्लीने काही थोड्या पॅकेजांवर सही करून घेतली. येथे मुद्रा खरी आणि हात चोराचा. पुढे २०१० मध्ये ॲरिझोनाच्या संशोधकांपैकी जस्टिन कॅपॉस आणि इतरांनी अधिकार अनेक किल्ल्यांत विभागण्याची, महत्त्वाच्या कामी एकाहून अधिक सह्या मागण्याची आणि मूळ किल्ली जाळ्यापासून दूर ठेवण्याची रचना मांडली.

आणि तरीही २९ मार्च २०२४ रोजी जे बाहेर आले, त्यात कोणतीही सही खोटी नव्हती. 'एक्सझेड' या लहानशा आज्ञावलीच्या थकलेल्या, एकट्या पालकाला 'जिया टॅन' या नावाने कोणी दोन वर्षांहून अधिक काळ मदत केली, विश्वास संपादन केला, आणि हाती अधिकार येताच स्वतःच्या सहीने विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्या डेबियनच्या चाचणी-शाखांत पोहोचल्या. स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र नाही. ॲंड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याने चिकाटीने कारण शोधले, म्हणून हे उजेडात आले. सांधे सारे जुळत होते. खोट होती ती कारकुनाच्या मनात, आणि ती पाहण्याचे गणित अजून कोणी बसविलेले नाही.

माझ्या संगणकाच्या नकाराचे कारण अगदी साधे निघाले : मजजवळची किल्ली जुनी होती, मुदत संपलेली. नातू दूरध्वनीवर म्हणाला, "आजोबा, नवी किल्ली घेतो, पण तिचा ठसा तुम्ही वाचा, मी माझ्याकडच्या प्रतीशी ताडतो." चाळीस अक्षरे, चार-चारांचे दहा गट. सातव्या गटात मी आठाच्या जागी तीन वाचला. "जुळत नाही," तो म्हणाला. मी चष्मा पुसला आणि पहिल्या गटापासून पुन्हा वाचावयास सुरुवात केली.