शॉकअपचं घराणं

महामार्गालगतच्या कमानपाटेवाल्याकडे मालट्रकचा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, उघडत असतील, तर पाच मिनिटं थांबून बघावं. मधला बोल्ट निघाला की आठ-दहा पट्ट्यांचा तो जुडगा सुटा होतो. वरची पट्टी सगळ्यांत लांब, तिची टोकं गोल वळवलेली. खालची प्रत्येक पट्टी आधीपेक्षा आखूड. बाहेरून सगळा गंज. पण पट्ट्या जिथे एकमेकींवर घासतात, तिथलं पोलाद आरशासारखं लखलखतं. ही लकाकी घर्षणाची. गाडीच्या सस्पेन्शनचा जवळजवळ सगळा इतिहास मला त्या घासलेल्या जागेत दिसतो.

सस्पेन्शन या शब्दाचा मूळ अर्थ टांगणं. आजची मोटार स्प्रिंगांवर बसलेली असते, तरी हे नाव तिला चिकटलं, कारण तिच्या पूर्वज घोडागाड्या खरोखरच टांगलेल्या होत्या. युरोपात चाकांच्या सांगाड्यावर चार कोपऱ्यांना खांब उभे करायचे आणि बसायचा डबा चामड्याच्या जाड पट्ट्यांनी त्यांना अडकवायचा, ही जुनी रीत. त्याने धक्का कमी लागे, पण डबा पाळण्यासारखा झुलत राही. धक्का सोसणं आणि झोका थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हे कुळ त्या दोन्हींची सांगड घालण्यातच वाढलं.

१ मे १६६५ रोजी लंडनजवळ काही विद्वान मंडळी जेवण आटोपून गाड्यांची परीक्षा घ्यायला जमली. प्रवास सुखाचा कसा होईल, हा प्रश्न होता. त्यांतल्याच सॅम्युअल पीप्सने आपल्या रोजनिशीत नोंदलं आहे, की एका गाडीचा सगळा डबा एकाच लांब स्प्रिंगवर टेकवलेला होता. सगळे आळीपाळीने तीत बसले आणि ती सगळ्यांना आवडली. त्या मंडळींत शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकही होता. जितका भार, तितका स्प्रिंगचा ताण, हा त्याचा नियम पुढे १६७८ मध्ये छापून आला. शाळेत आपण तो वजनं लटकवून शिकतो. घोडागाडीशी त्याच्या कर्त्याचा असा संबंध होता, हे कुणी सांगत नाही.

पाट्याची पुढची मोठी पायरी मात्र १८०४ मध्ये आली. लंडनच्या ओबाडाया इलियट या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने दोन पाटे समोरासमोर जोडून लांबट वर्तुळासारखी स्प्रिंग केली आणि तिचं पेटंट घेतलं. आस थेट स्प्रिंगला बांधता आल्यामुळे पुढचा-मागचा आस जोडणारा अवजड लाकडी वासा लागेनासा झाला. गाडी हलकी झाली, बुटकीही झाली.

पट्ट्या आखूड होत का जातात, याचं उत्तर सुंदर आहे. भाराने वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकांकडे कमी असतो. म्हणून मध्यावर सगळ्या पट्ट्या, टोकाला एकच. जिथे जितका जोर, तिथे तितकंच पोलाद. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, तेव्हा झोक्याची ताकद त्या घर्षणात विरते. धक्का सोसणारा आणि झोका आवरणारा, दोन्ही पाटाच. इतकं साधं आणि पुरेपूर काम करणारं यंत्र मला दुसरं आठवत नाही.

मोटारीने हाच पाटा उचलला. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला तर पुढे एक आणि मागे एक, असे दोनच पाटे होते, तेही आडवे. पण वेग वाढला आणि पाट्याचं घर्षण अपुरं पडू लागलं. घासणाऱ्या चकत्यांचं वेगळं उपकरण फ्रान्सच्या त्रूफोने काढलं, अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने ते बाजारात रुजवलं. मग चकत्यांची जागा तेलाने घेतली: नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून रेटलं जातं, तापतं आणि झोका उष्णता होऊन संपतो. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअब्सॉर्बर गरम लागतो, तो त्यामुळेच. आपल्या गॅरेजांनी त्याचा ‘शॉकअप’ केला. खरं तर इंग्रजी नाव चुकलेलंच आहे. धक्का स्प्रिंग खाते. हा फक्त तिला शांत करतो.

पुढे पाट्याच्या जोडीला आलेल्या गुंडाळी स्प्रिंगला तर शॉकअप हवाच, कारण तिच्यात घासायला दुसरं काही नाही. अभियंता अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले. आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच रचना असते. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत मात्र दोन्ही पिढ्या एकत्र नांदत होत्या: पुढे गुंडाळी स्प्रिंगा, मागे पाटे. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत दोन ट्रंका घेऊन मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी धावली, ती त्या मागच्या पाट्यांच्या जिवावर.

धक्का सोसणं आणि झोका थांबवणं ही दोन कामं वेगळी कळली, की देखभाल आपोआप कळते. गाडी एका बाजूला बसली, तर दोष बहुधा स्प्रिंगचा. खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहिली, तर शॉकअपचा. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन एखाद्या हेलकाव्यात स्थिरावली तर ठीक, नाचत राहिली तर शॉकअप थकला. नळीवर तेलाचा ओघळ दिसला किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला, तरी संशय त्याच्यावरच घ्यावा. पैसे वाचवायला एकच शॉकअप बदलणं मला पटत नाही. एका आसावरची जोडी एकदम बदलावी. नाहीतर एक चाक आवरलेलं आणि दुसरं सैल, असं होतं. खडखड आवाज आला की मात्र लगेच शॉकअप काढायला लावू नका. आधी रबरी बुश आणि लिंक रॉड हलवून पाहा. पुष्कळदा दोनशे-चारशे रुपयांचं रबरच संपलेलं असतं.

तिकडे कमानपाटेवाल्याने पट्ट्या घासून पुसल्या, तुटलेली बदलली, बसलेल्या पट्टीला घणाने पुन्हा बाक दिला. जुडगा शिकंज्यात दाबून मधला बोल्ट ओवला, पाटा जागेवर चढवला आणि यू-बोल्ट आवळले. ड्रायव्हर निघताना तो म्हणाला, “माल उतरवून येताना थांबा. पट्ट्या बसल्या की बोल्ट परत आवळायला लागतील.”