निसर्गपर्यटन, युवक-विनिमय आणि उमरखेड परिसर

निसर्गाची नासधूस होऊ न देता, तिथे राहणाऱ्यांच्या पदरात काही पडेल आणि पाहणाऱ्याच्या समजुतीत भर पडेल अशा प्रवासास निसर्गपर्यटन म्हणतात. निरनिराळ्या देशांतील तरुणांनी एकमेकांच्या मुलखात जाऊन, तिथल्या घरात राहून आणि तिथल्या कामाला हात लावून असा प्रवास शिकणे व शिकवणे म्हणजे या क्षेत्रातील युवक-विनिमय. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा उमरखेड तालुका या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. इथे अभयारण्य आहे, धबधबा आहे, जंगलावर पोट असलेली माणसे आहेत, आणि त्याच माणसांची महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. एवढे सगळे एका तालुक्यात फार ठिकाणी सापडत नाही.

परिसर : उमरखेड विदर्भाच्या अगदी कडेला आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. हदगाव, हिमायतनगर आणि किनवट हे नांदेड जिल्ह्यातील तालुके पलीकडच्या बाजूला येतात. नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ३६१) उमरखेडवरून जातो. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. ईसापूरच्या धरणात अडून ती पुढे निघते आणि या तालुक्यातील जंगलाला वळसा घालत पूर्वेकडे वाहते. या वळणातले जंगल म्हणजे पैनगंगा अभयारण्य. ते यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे.

जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग मुबलक असून सोबत मोह, तेंदू, पळस, धावडा, चारोळी ही झाडे आढळतात. बिबट्या, अस्वल, चितळ, सांबर, भेकर आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय हे इथले प्राणी. ढाणकी-बिटरगावकडच्या या जंगलपट्ट्याला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात, आणि वर्तमानपत्रेही तोच शब्द वापरतात. वस्ती मुख्यतः आंध, गोंड आणि बंजारा समाजांची. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. तिची वस्ती पूर्वेला केळापूर आणि नदीपलीकडे किनवट भागात आहे.

या मुलखाची खरी ओळख चैत्रात होते. पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात आणि उजाडायच्या आत बायका, पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. फुले पांढुरकी-पिवळी, मांसल आणि हाताला चिकट लागणारी असतात. वास गोड आणि जड, सकाळभर अंगाला राहणारा. अस्वलालाही ही फुले आवडतात, म्हणून वेचणारे एकट्याने जात नाहीत. फुले पालापाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखाली जाळ करण्याची रीत जंगलपट्ट्यात अनेक ठिकाणी आहे, आणि तोच जाळ वाऱ्याने पसरला की वणवा होतो. वनविभाग दरवर्षी जाळरेषा काढतो, तरी उन्हाळ्यात जंगल पेटतेच. झाडाखाली जाळी अंथरली तर जाळ करावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. परदेशातून आलेल्या तरुणाला खरोखर उपयोगी पडायचे असेल तर त्याने छायाचित्रे काढण्याआधी आठ दिवस पहाटे उठून जाळ्या बांधाव्यात, फुले वेचावीत आणि जाळरेषेवरचा पाला ओढावा. एवढे केल्यावर त्याला जंगल दिसेल.

सहस्रकुंड : मुरली गावाजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली कोसळते. अलीकडचा काठ उमरखेड तालुक्यात आणि पलीकडचा, इस्लापूरचा, किनवट तालुक्यात मोडतो. दोन विभागांतल्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा धबधबा दोन्हीकडच्या लोकांचा आहे. काठावर महादेवाचे मंदिर आहे. श्रावण-भाद्रपदात पाणी भरपूर असते आणि ईसापूर धरणातून विसर्ग झाला की प्रवाह एकाएकी वाढतो. शेवाळलेला कातळ आणि वाढते पाणी यांमुळे धबधब्याच्या तोंडाशी उतरणे धोक्याचे आहे. हा धोका स्थानिक मुलांना पाठ असतो, तर बाहेरून आलेल्यांना तो कोणीतरी सांगावा लागतो. सुटीच्या दिवशी गर्दी उलटते आणि थर्माकोलच्या पत्रावळी व पाण्याच्या बाटल्या कुंडात फिरत राहतात. निसर्गपर्यटनाचा पहिला धडा इथेच द्यायचा आहे, आणि तो देण्याचा मान याच तालुक्यातल्या मुलांचा आहे.

वाघाची वाट : जंगल हे एकमेकांना जोडलेले असते, हे या भागात एका वाघाने दाखवून दिले. केळापूर-घाटंजी भागातील टिपेश्वर अभयारण्यात (सुमारे १४८ चौ. किमी.) जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला. तेलंगणातले आदिलाबाद, पैनगंगेचे जंगल, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असा फिरत तो वर्षअखेरीस बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे त्याचे नाव ‘वॉकर’ पडले. कॉलर चालू होती तोवर त्याच्या फिरण्याची बेरीज ३,००० किमी.च्या वर गेली. त्याच्या वाटेत कापसाची शेते, ओढे, महामार्ग आणि शेकडो गावे होती. वाघ पाहायला टिपेश्वरच्या सुन्ना आणि माथनी दरवाजांशी जिप्सी रांगेत उभ्या राहतात. मात्र त्या वाघाला पुढे जायला वाट ठेवणारी गावे पर्यटनाच्या नकाशावर नसतात. उमरखेडचा बंदी भाग अशाच गावांचा आहे. परदेशी तरुणांना दाखवावा असा याहून चांगला विषय विदर्भात दुसरा नाही.

संकल्पनेची वाटचाल : ‘इकोटुरिझम’ हा शब्द मेक्सिकोचे वास्तुविशारद हेक्टर सेबायोस-लास्कुराईन यांनी १९८३ मध्ये वापरात आणला. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष निसर्गपर्यटनाचे आणि २०१७ हे शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

तरुणांची देवाणघेवाण मात्र त्याआधीची आहे. जर्मन शाळामास्तर रिशार्ड शिरमान १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि त्यांना एका रिकाम्या शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग पायी फिरणाऱ्या मुलांना त्या का देऊ नयेत, या प्रश्नातून युवा वसतिगृहांची चळवळ निघाली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. दुसरा प्रवाह श्रमशिबिरांचा. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील एक खेडे उभारण्यासाठी, काल शत्रू असलेल्या देशांतील माणसांना एकत्र आणले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना झाली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात येऊन पुनर्वसनाच्या कामात राबले.

महाराष्ट्रातील अनुभव : याच संघटनेचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक भीत होते तेव्हा परदेशी तरुण त्यांच्या खांद्याला खांदा लावून विटा वाहत होते. त्याचा परिणाम आसपासच्या लोकांच्या मनावर झाला. वरोरा यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेलगत आहे, म्हणून ही घटना उमरखेडच्या वाचकाला परकी वाटू नये. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील सात दिवसांच्या निवासी शिबिराला आजही ‘श्रमसंस्कार शिबिर’च म्हणतात.

पुण्यातील ‘संगम’ हे दुसरे उदाहरण. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेचे हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झाले. जगभरातील मुली तिथे येऊन राहतात आणि शहरातील संस्थांच्या कामात सहभागी होतात. अशा प्रकारची जगात मोजकीच केंद्रे आहेत आणि त्यांतले आशियातील केंद्र मराठी मुलखात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

निसर्गपर्यटनाचा सर्वांत पक्का मराठी नमुना वेळासचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील या गावी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचेच जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीच्या मागे उभे राहून पाहतात. अंडी चोरीला जात होती त्याच गावात ‘कासवमित्र’ तयार झाले. इथे आधी रक्षण झाले आणि पर्यटन मागून आले. क्रम उलटला असता तर कासवे उरली नसती.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. ग्रामसभेतले निर्णय सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. जंगलात कोणी यायचे, काय न्यायचे हे गाव ठरवते. बंदी भागात पाहुणे आणायचे तर प्रथम ग्रामसभेला विचारावे लागेल. केवळ वनविभागाच्या परवानगीवर चालणारे पर्यटन गावाला परके राहते.

विमानाचा प्रश्न : पर्यावरणासाठी निघालेला तरुण हजारो किलोमीटर विमानाने उडतो, ही या उपक्रमातली सर्वांत अवघड बाब आहे आणि ती झाकून ठेवू नये. जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनामुळे होतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. युरोपातून मुंबईला येऊन परत जाणाऱ्या एका प्रवाशाच्या वाट्याला टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साईड येतो, तर सरासरी भारतीयाचे वर्षभराचे उत्सर्जन सुमारे २ टन आहे. बंदी भागातील कुटुंबाचे त्याहूनही पुष्कळ कमी असणार. म्हणून आठवड्याच्या धावत्या दौऱ्याला विनिमय म्हणणे चुकीचे आहे. यायचे तर तीन महिने यावे, एका गावात राहावे, एसटीने फिरावे. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले. खिशात पैसे ठेवू नका, हा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. वाटेतल्या घरांनी त्यांना जेवू घातले आणि ते मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनला पोहोचले. नदीपलीकडे माहूरगडावर राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला पायी जाणाऱ्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

व्यवहार : परकीय पाहुणा घरी उतरल्यास त्याची माहिती यजमानाला २४ तासांत विहित नमुन्यात कळवावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणीचे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. अभयारण्यात प्रवेश, छायाचित्रण व अभ्यास यांसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवाना लागतो. केंद्र सरकारने २०२२ पासून शाळा-महाविद्यालयांत ‘युवा पर्यटन क्लब’ सुरू केले. उमरखेडमध्ये गो. सी. गावंडे महाविद्यालयासारख्या संस्था असल्याने यजमानपण करणारी मुले बाहेरून आणावी लागणार नाहीत.

देवाणघेवाण या शब्दात देणे आणि घेणे दोन्ही आहे. आजवर बहुतेक वेळा परदेशी मुले आली, राहिली, शिकली आणि गेली. त्यांना जंगल दाखवणारी, भाकरी वाढणारी, अस्वलाच्या वाटेवरून हात धरून मागे ओढणारी आपली मुले मात्र कुठेच गेली नाहीत. बंदी भागातील आंध किंवा बंजारा मुलगी तीन महिने एखाद्या डोंगरी युरोपीय गावात राहून तिथली कुरणे, तिथले वनरक्षक, तिथली ग्रामसभा पाहून येत नाही तोवर हा व्यवहार एकतर्फी आहे, आणि एकतर्फी व्यवहाराला विनिमय म्हणू नये. तिच्या पारपत्राचा, भाषेच्या वर्गाचा आणि तिकिटाचा खर्च परदेशी पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्कातूनच बाजूला काढला पाहिजे.

पोहोचण्याचा मार्ग : नांदेड व यवतमाळहून उमरखेडला एसटी बस आहेत. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किमी.चा नवा लोहमार्ग उमरखेडवरून जाणार असून त्यापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला.