हृदयाभोवतीचे पाणी : सेव्हिलपासून साकोलीपर्यंत

मजारीवर गलेफ असतो, तशी हृदयाभोवती एक दुपदरी पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. तिच्या दोन पदरांत १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतोच. त्यामुळे धडधडताना घर्षण होत नाही. हा द्रव वाढला तर पिशवी चटकन ताणली जात नाही आणि सगळा दाब हृदयावर येतो. हृदय भरतच नाही, मग ते रक्त फेकणार कुठून? पाणी झपाट्याने साचले तर १५०-२०० मिलिलिटरही जीव घेऊ शकते. हळूहळू साचले तर लिटरभरही मावते, आणि हाच धोका कुणाच्या लक्षात येत नाही.

या आजाराच्या इतिहासात बाराव्या शतकातील सेव्हिलचे हकीम इब्न जुहर यांचे नाव मानाने घेतले जाते. 'अल-तैसीर' या ग्रंथात त्यांनी हृदयावरणाचा दाह आणि त्यात साचणारे पाणी यांचे वर्णन केले. त्यांनी कारावासही भोगला होता. इब्न रश्द यांच्याशी त्यांचा स्नेह होता. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १४९० साली व्हेनिसमध्ये छापला गेला.

पण आजार ओळखला म्हणजे तो बरा झाला असे नाही. त्याच अंदलुसच्या भूमीत, अल्मेरिया येथे, १८०१ साली फ्रान्सिस्को रोमेरो या शल्यचिकित्सकाने बरगड्यांमधून छाती उघडून हे पाणी बाहेर काढले. मधे साडेसहा शतके गेली होती. १८८४ साली एडमंड रोझ यांनी या अवस्थेला 'टॅम्पोनेड' हे नाव दिले. १९३५ साली क्लॉड बेक यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या : घसरलेला रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि दबलेले हृदयाचे ठोके. १९६५ साली हार्वे फायगेनबाउम यांनी हे पाणी ध्वनिलहरींनी दिसते हे दाखवून दिले. आज ज्याला आपण 'इको' म्हणतो, ती तपासणी हीच.

पूर्वजांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. प्रश्न असा आहे की ते ज्ञान भंडारा जिल्ह्यातल्या रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचते का? आपल्या देशात हृदयाभोवती पाणी साचण्यामागे क्षयरोग हे आजही मोठे कारण आहे. अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू सापडतीलच असे नाही. कित्येक आठवडे बारीक ताप, वजन घटणे, पायांवर सूज, आडवे झाले की दम लागणे ही त्याची चिन्हे. घरचे म्हणतात, कमजोरी आहे, दमा आहे, नजर लागली आहे. टीबीचे नाव निघाले तर मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून गोष्ट दडवली जाते. साकोली किंवा लाखांदूरहून नागपूर गाठायला तासन्‌तास लागतात, त्यात दडवण्यात गेलेले दिवस कुणी मोजत नाही.

इथे तावीज आणि दुआ यांच्याशी भांडण नाही. दुआ जरूर करावी, पण रुग्णाला गाडीत बसवूनही ती करता येते. मानेच्या शिरा फुगल्या, दम लागला, चक्कर आली तर १०८ला फोन करावा. सुईने पाणी काढले की अनेकदा मिनिटांतच रुग्णाचा श्वास मोकळा होतो. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ती सहा महिने न चुकता घ्यावी लागतात.

इब्न जुहर यांनी जे पाहिले ते लपवले नाही, लिहून ठेवले. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर घरातला आजार लपवणे आधी थांबले पाहिजे.